किंमत भागिले काय?

महिन्याची २२ तारीख. सकाळी साडेसात. हॉस्टेलच्या बेसिनपाशी नेहमीची रांग, आणि आमच्या रूमचा जळगाव टूथपेस्टची ट्यूब कंपासपेटीवर ठेवून पट्टीने लाटतोय. (आमच्या रूममध्ये कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नाही. जळगाव, सांगली, मनोर आणि मी, म्हणजे वसई.) "आत्ताच तर आणली होती राव, एक तारखेला!" हे वाक्य प्रत्येक महिन्याला कुणीतरी म्हणतंच. फक्त पेस्टच्या जागी कधी साबण येतो, कधी कपड्यांची पावडर, कधी शाम्पू.

मित्रांनो, घरून येणारे पैसे ठरलेले असतात. मेसचे पैसे, झेरॉक्स, सबमिशनच्या फायली, शनिवार-रविवारचं गाडीभाडं वजा केलं की जे उरतं त्यातून या वस्तू येतात. त्या लवकर संपल्या की आपण स्वतःला उधळे म्हणतो, घरचेही तेच म्हणतात. पण आपण जितके उधळे आहोत त्यापेक्षा जरा जास्त उधळे होऊ, अशी व्यवस्था त्या वस्तूतच केलेली असेल तर?

इंडस्ट्रियल मॅनेजमेंटच्या तासाला एक गोष्ट हमखास सांगितली जाते. एका टूथपेस्ट कंपनीची विक्री वाढेना. मोठमोठे साहेब जमले, लाखो रुपयांच्या जाहिरातींच्या योजना झाल्या. शेवटी कारखान्यातला एक साधा कामगार म्हणाला, "ट्यूबचं तोंड थोडं मोठं करा." झालं, विक्री वाढली! ही गोष्ट प्रत्येकजण वेगळ्या कंपनीचं नाव घालून सांगतो, त्यामुळे ती इतिहास म्हणून घेऊ नका, दंतकथा म्हणून घ्या (दातांचीच असल्याने शोभतेही). पण गोष्ट खोटी असली तरी तिच्यातलं गणित खरं आहे.

आपण ब्रशवर पेस्ट घेतो ती वजनाने घेत नाही, लांबीने घेतो. ब्रशच्या केसांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, साधारण २ सेंटिमीटर. म्हणजे दर वेळी वापरली जाणारी पेस्ट हा २ सेंटिमीटर उंचीचा एक सिलिंडर झाला. समजा तोंडाचा व्यास ६ मि.मी. आहे. आकारमान आलं ०.५७ मि.ली. आता व्यास फक्त १ मि.मी.ने वाढवा, ७ करा. आकारमान ०.७७ मि.ली. झालं. व्यासाचा वर्ग येतो ना! ४९ भागिले ३६, म्हणजे ३६ टक्के जास्त पेस्ट. डोळ्याला न कळणारा एक मिलिमीटर, आणि ३० दिवस पुरणारी ट्यूब २२ दिवसांत संपली. बरोबर २२ तारीख. (मी व्हर्नियर घेऊन ट्यूबचं तोंड मोजत होतो तेव्हा लॅब असिस्टंट काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही.)

आता जाहिरातीतला ब्रश आठवा. त्यावर पेस्ट कशी असते? या टोकापासून त्या टोकापर्यंत, शेवटी लाटेसारखी वळलेली. आपण लहानपणापासून तेच बघत आलो आणि तेच करतो. दातांचे डॉक्टर मात्र वाटाण्याएवढी पेस्ट पुरे म्हणतात, लहान मुलांच्या बाबतीत तर आग्रहाने म्हणतात. वाटाण्याएवढी म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. आमचा ७ मि.मी.चा सिलिंडर भरतो जवळजवळ १ ग्रॅम. त्या लाटेत कुणी खोटं बोललेलं नाही. एवढी पेस्ट घ्या, असंही कुणी म्हटलेलं नाही. नुसतं दाखवलंय.

एकदा हे डोक्यात बसलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. लिक्विड डिटर्जंटच्या बाटलीचं झाकण घ्या. मापाची रेघ झाकणाच्या आत कुठेतरी खाली असते, आणि आपण झाकण भरून ओततो. पावडरीच्या डब्यातला चमचा सपाट भरायचा असतो, आपण शिगोशीग भरतो. शाम्पूच्या बाटलीवर बारीक अक्षरात 'पुन्हा एकदा करा' असं लिहिलेलं असतं. साबण पाण्यात पडून राहिला की विरघळतो, तो सगळा गटारात जातो, अंगाला लागत नाही. खाली जाळी असलेली साबणदाणी ही आमच्या रूममधली सर्वांत फायद्याची गुंतवणूक ठरली आहे. ती सांगलीच्या आईने दिली होती आणि आम्ही पहिले सहा महिने त्यात चाव्या ठेवत होतो.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर पाकिटावर छापलेली किंमत हा नुसता अंश आहे. छेद आपल्याला शोधायचा असतो. किंमत भागिले काय? भागिले ग्रॅम? भागिले बादली? भागिले दिवस? दुकानदारीच्या बऱ्याचशा युक्त्या म्हणजे हा छेद बदलण्याच्या, नाहीतर लपवण्याच्या युक्त्या आहेत.

या छेदावरून आपल्याकडे एक मोठी लढाई झालेली आहे. आई-वडिलांना विचारा, त्यांना दोन्ही जाहिराती पाठ असतील. १९६९ साली गुजरातमधले एक केमिस्ट, करसनभाई पटेल, यांनी घरीच पिवळी पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. मुलीच्या नावावरून तिला नाव दिलं निरमा. हिंदुस्तान लीव्हरचं सर्फ त्याच्या कितीतरी पट महाग होतं. बघता बघता निरमा घरोघर पोचली. किलोच्या भावात तिच्याशी लढणं सर्फला शक्यच नव्हतं. मग ऐंशीच्या दशकात टीव्हीवर ललिताजी आल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, करारी चेहरा, भाजीवाल्याशीही घासाघीस करणारी बाई. भूमिका केली होती कविता चौधरी यांनी, आणि जाहिरातीच्या मागे होते लिंटासचे अलीक पदमसी. आपल्या आईच्या व्यवहारी स्वभावावरून ललिताजी सुचल्या असं पदमसी सांगत.

ललिताजींचं म्हणणं काय होतं? सर्फ स्वस्त आहे असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. स्वस्त वस्तू वेगळी आणि चांगली वस्तू वेगळी, असं त्या म्हणाल्या. म्हणजे किलोमागे किंमत बघू नका, धुतलेल्या कपड्यांमागे बघा. अंश तोच ठेवला आणि छेद बदलला! मला विचाराल तर जाहिरातीच्या इतिहासातला हा सर्वांत हुशार भागाकार आहे. आणि गंमत म्हणजे तो तत्त्वतः चूक नाही. कमी पावडरीत तेवढेच कपडे निघत असतील तर बादलीमागे हिशेब करायलाच हवा. फक्त किती बादल्या निघतात ते विकणाऱ्याने सांगायचं आणि आपण मान डोलवायची, इथे गडबड होते. तो आकडा आपला आपण काढायचा असतो. (लीव्हरचाही पूर्ण भरवसा या भागाकारावर नसावा. त्याच दशकात त्यांनी निरमाच्या तोडीला स्वस्तातली व्हील बाजारात आणलीच.)

साबणाचंही तसंच. ग्रॅममागे किंमत काढली तरी त्या ग्रॅममध्ये काय आहे हा प्रश्न उरतो. वेष्टनावर टी.एफ.एम. असा एक आकडा असतो, म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण. भारतीय मानकांनुसार टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीला ते किमान ७६ टक्के लागतं, दुसऱ्या प्रतीला ७०, तिसऱ्या प्रतीला ६०. आणि ज्या वडीवर 'बेदिंग बार' लिहिलेलं असतं तिला ४० टक्केही चालतं. दोन्ही दुकानात शेजारी शेजारी, दोन्हींवर फुलं, दोन्हींचा वास मस्त. आमच्या मजल्यावर फिरून बघितलं तर हा आकडा कधी वाचलाय असा एकही प्राणी सापडला नाही. केमिस्ट्रीत डिस्टिंक्शनवाले धरून.

आता मनोरची गोष्ट. त्याच्या वडिलांचं मनोरजवळ छोटं किराणा दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोन दिवस तिकडे होतो आणि काउंटरच्या आतल्या बाजूने दुकान पहिल्यांदाच पाहिलं. शाम्पू, कॉफी, कपड्यांची पावडर, खोबरेल तेल यांच्या पुड्यांच्या लडी समोर तोरणासारख्या टांगलेल्या. मी विचारलं, "काका, एवढ्या पुढे का लावता? डोक्याला लागतात." ते हसले. "लागल्या पाहिजेत. डोक्याला लागली की आठवण होते ना, शाम्पू न्यायचाय!"

ही पुडी आपल्या देशात रुजली ती तामिळनाडूत. कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू पुडीत भरला. पुढे त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली वेगळी कंपनी काढून 'चिक' शाम्पू आणला. त्यांची योजना बघा. कुठल्याही कंपनीच्या ५ रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक पुडी फुकट न्या. लोकांनी पुड्या गोळा केल्या. सवय लागली. मग हळूच नियम बदलला, आता ५ रिकाम्या पुड्या फक्त चिकच्याच चालतील! पहिल्या टप्प्यात दुसऱ्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे ओढलं, दुसऱ्या टप्प्यात ते बांधून ठेवलं.

इथे एक परीक्षेत हमखास चुकणारा प्रश्न येतो. मोठं पाकीट स्वस्त की छोटं? आपण सगळे न विचारता म्हणतो, मोठं. समजा १ रुपयाच्या पुडीत ५ मि.ली. शाम्पू आहे. मि.ली.ला २० पैसे झाले. त्याच नावाची १८० मि.ली.ची बाटली समजा १२६ रुपयांना आहे. मि.ली.ला ७० पैसे! आकडे मी सोपे घेतलेत, पण तुम्ही गेटबाहेरच्या दुकानात जाऊन खरे आकडे घालून बघा, शाम्पूच्या बाबतीत उत्तर अनेकदा याच दिशेला येतं. एक रुपयाच्या पुडीसाठी कंपन्यांची गळेकापू स्पर्धा आहे, बाटलीवाल्या गिऱ्हाइकाने भागाकार करायचं केव्हाच सोडलंय. चहा, तेल, डिटर्जंट यांत मात्र बहुतेक वेळा उलटं, छोटी पुडी महाग. म्हणजे नियम असा नाहीच. दर वेळी भागायचं.

मी हा शोध मोठ्या उत्साहाने मनोरच्या वडिलांना सांगितला. चहाची पुडी कशी महाग पडते, गिऱ्हाइकाला पाव किलोचं पाकीट घ्यायला सांगा वगैरे. संध्याकाळची वेळ होती, आठवडे बाजाराचा दिवस. वीटभट्टीवरची माणसं खर्ची घेऊन दुकानात आली होती. (खर्ची म्हणजे भट्टीवाला आठवड्याला बाजारासाठी देतो ते पैसे, हंगामाच्या शेवटी हिशेबात वळते होतात.) एक बाई तेल, मीठ, दोन पुड्या चहा, एक साबण असं घेत होती आणि प्रत्येक वस्तूनंतर मुठीतले पैसे बघत होती. ती गेल्यावर काका मला म्हणाले, "तुझं गणित बरोबर आहे. पण तिच्याकडे पाव किलोचे पैसे आज नाहीत. आणि पुढच्या बाजाराला पुन्हा तेवढेच असतील."

मी गप्प बसलो. आपला छेद ग्रॅम असतो, तिचा छेद म्हणजे आजचा दिवस. चहाची ती पुडी वर्षभर घेत राहिली तर ती बाई माझ्या आईपेक्षा महाग चहा पिते, हे कागदावर सिद्ध करता येतं. त्याचं पुढे काय करायचं हे मात्र मला कुठल्या सेमिस्टरला शिकवलेलं नाही. मनोर तेव्हा वही घेऊन बसला होता. तिच्या पानावर त्याने उधारी लिहिली, किती ते मी विचारलं नाही.

(पुड्यांबद्दल एक कंसातली गोष्ट. ते वेष्टन प्लॅस्टिक आणि इतर थरांचं मिळून केलेलं असतं, भंगारवालाही घेत नाही. २०१८च्या जुलैत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, ते आमच्या घरच्यांना चांगलं आठवतंय. त्याला कारणं अनेक होती, सगळा दोष शाम्पूवर ढकलू नका. पण पावसाळ्याआधी आमच्या सोसायटीसमोरचं गटार उपसतात तेव्हा गाळात काय चमकत असतं ते बघून या.)

आता पाकिटावरच्या आकड्यांकडे येऊ, कारण हा आपला प्रांत. ५ रुपयांचा आणि १० रुपयांचा पुडा वर्षानुवर्षं ५ आणि १० रुपयांचाच राहतो. नाणं एकच लागतं, त्यामुळे किंमत हलवता येत नाही. मग हलतं काय? वजन. १०० ग्रॅमचे ९० ग्रॅम झाले की आपल्याला वाटतं १० टक्के कमी झालं. भागाकार करा. ग्रॅममागची किंमत ११ टक्क्यांहून जास्त वाढली. उलट '२० टक्के जादा मोफत' म्हणजे २० टक्के सूट नव्हे, १६.७ टक्के. 'तीनवर एक फुकट' म्हणजे ३३ टक्के नव्हे, २५ टक्के. हे तिन्ही दहावीच्या गणितात बसतं आणि तिन्हींमध्ये आम्ही चौघेही एकदा तरी फसलेलो आहोत. मी स्वतः पहिल्या वर्षाला एका दुकानातून तीनवर एक फुकट म्हणून फरशी पुसायच्या फिनेलच्या चार बाटल्या आणल्या होत्या. हॉस्टेलमध्ये! फरशी पुसायला मावशी येतात, फिनेल रेक्टर ऑफिसमधून मिळतं. त्यातली एक बाटली अजून माझ्या कॉटखाली आहे.

पूर्वी चहा, बिस्किटं, डिटर्जंट अशा काही ठरावीक वस्तू कायद्याने ठरवलेल्या वजनांतच विकाव्या लागत. २०२१ मध्ये वेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती झाली. वजनांचं ते परिशिष्ट गेलं, आणि त्याऐवजी दुसरी गोष्ट आली, एककाची विक्री किंमत. म्हणजे भागाकार कंपनीने स्वतःच करून पाकिटावर छापायचा. पाकीट १ किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला किती, जास्त असेल तर दर किलोला किती. द्रव असेल तर मि.ली. आणि लिटर. आता उठा आणि टेबलावरचं कुठलंही पाकीट उचलून बघा. एम.आर.पी.च्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात असेल.

मग प्रश्न सुटला? थांबा, मेट्रॉलॉजी आठवा. एका पाकिटावर लिहिलंय ०.१८ रुपये प्रति ग्रॅम, दुसऱ्यावर १७६ रुपये प्रति किलो. स्वस्त कुठलं? पहिलं १८० झालं असं म्हणून दुसरं उचलाल. पण पहिला आकडा दोन दशांश स्थळांपर्यंतच दिलेला आहे. त्याचा लीस्ट काउंट १ पैसा. म्हणजे खरी किंमत १७५ ते १८५ यांच्यामध्ये कुठेही असू शकते! प्रॅक्टिकलच्या तोंडी परीक्षेत विचारावा असा प्रश्न आहे. अशा वेळी मोबाईल काढायचा, एम.आर.पी. भागिले वजन करायचं. दहा सेकंद लागतात.

एम.आर.पी. हेही एक प्रकरणच आहे. 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' ही गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आली, यापेक्षा जास्त घ्यायचं नाही म्हणून. पण कमाल आकडा छापला की तो आपल्या डोक्यात खुंटीसारखा बसतो. त्यापेक्षा ५ रुपये कमी दिसले की वस्तू स्वस्त! बिलाच्या तळाशी 'आपण इतके रुपये वाचवले' असं छापून येतं तेव्हा तर आपण पगार झाल्यासारखे बाहेर पडतो. वाचवलेले पैसे कुठल्या खात्यात जमा झाले ते अजून कुणी मला दाखवलेलं नाही. आणि बाटाच्या दुकानातले शेवटचे ९५ पैसे आठवतात का? आमचे आजोबा ते ५ पैसे परत मागून घ्यायचे.

दुकानाच्या रचनेवर तर पुस्तकं लिहिली गेली आहेत. मी एकाच वस्तूबद्दल सांगतो, कारण ती शुद्ध मेकॅनिकलची आहे. ट्रॉली! अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराच्या लक्षात आलं की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. म्हणजे खरेदीची मर्यादा पैशाने ठरत नव्हती, मनगटाने ठरत होती. १९३७ साली त्याने घडीच्या खुर्चीवरून कल्पना घेऊन चाकांची गाडी बनवली. सुरुवातीला लोक ती घेईनात. बायकांना ती बाबागाडी वाटायची, पुरुषांना आपल्या ताकदीचा अपमान. मग गोल्डमनने पैसे देऊन माणसं नेमली, त्यांनी दुकानात नुसत्या गाड्या ढकलत खरेदीचं सोंग करायचं. लोकांनी बघितलं आणि गाडी धरली. पुढे जगभरातल्या दुकानांनी धरली. आपल्याकडे २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं आणि काही वर्षांत ट्रॉली ढकलणं हा आपल्या भागातला रविवारचा कार्यक्रम झाला.

वसई-विरारच्या माणसाला मात्र एक नैसर्गिक संरक्षण होतं, ते म्हणजे विरार लोकल. दादरला कितीही स्वस्त मिळालं तरी संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये पाच किलोची पिशवी घेऊन चढून दाखवा! आमचे बाबा म्हणायचे, आपली बचत बँकेने केली नाही, गर्दीने केली. आता दुकान आपल्याच स्टेशनच्या बाहेर आलं, ट्रॉली रिक्षापर्यंत जाते, आणि मोबाईलवरून मागवलं तर मनगटाला काहीच काम नाही.

सण आणि वस्तू यांची गाठ घालणं ही आणखी एक युक्ती. मोती साबण घ्या. टाटा ऑइल मिल्सचा हा साबण १९९३ मध्ये ती कंपनी हिंदुस्तान लीव्हरमध्ये विलीन झाली तेव्हा तिकडे गेला. वर्षभर तो कुणाला आठवत नाही, पण नरक चतुर्दशीच्या पहाटे मराठी घरात उटण्याशेजारी हवाच. मी याला युक्ती म्हटलं म्हणून आमच्या आईला राग आला होता. खरं सांगायचं तर मोती नसेल तर मलाही दिवाळी आल्यासारखं वाटत नाही. इथे माझा भागाकार चालत नाही आणि चालवायचाही नाही.

पण या सगळ्याला तोंड देण्याचा मार्ग आपल्याच माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी शोधला होता, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. १९७५ साली बिंदुमाधव जोशी, आपले संगीतकार सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत सुरू केली. तिची पद्धत अशी: एका परिसरातली काही कुटुंबं मिळून एक संघ करतात. महिन्याची यादी आधी येते. प्रत्येक घराने तीत आपल्याला काय किती हवं ते भरायचं. सगळ्यांची मागणी एकत्र करून पंचायत घाऊक खरेदी करते, माल संघातल्या एकाच्या घरी उतरतो, आणि सभासदच तो आपापसांत वाटून घेतात. दुकान नाही, काउंटर नाही, जाहिरात नाही.

माझी आत्या विलेपार्ल्याला होती तेव्हा अशा संघात होती. तिच्या घरी माल उतरायचा त्या दिवशी दिवाणखान्यात तांदळाच्या आणि साखरेच्या पिशव्या, साबणांचे गठ्ठे, आणि शेजारच्या चार बायका यादी वाचतायत, असं दृश्य असायचं. पुढे पार्ल्याची जागा परवडेना म्हणून ते वसईला आले. संघ तिकडे राहिला, यादीची सवय मात्र आत्याबरोबर आली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती डबे उघडून बघते, मग लिहिते. मी तिला एकदा विचारलं, "आत्या, यात एवढं काय? फोनमध्ये लिहून ठेव ना." ती म्हणाली, "अरे, भरलेला डबा समोर असला की हात आपोआप आखडतो. दुकानात गेल्यावर डबा दिसत नाही."

मी विचार करत बसलो. ग्राहक पंचायतीने भाव कमी केला हे तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिने ठरवण्याची जागा बदलली. दुकानात डोळ्याच्या रेषेत काय ठेवायचं, काउंटरपाशी रांगेत उभं असताना चॉकलेट कुठे असावं, नेहमी लागणाऱ्या वस्तू आत टोकाला कशा न्याव्यात, हा सगळा अभ्यास माणूस दुकानात असताना चालतो. यादी स्वयंपाकघरात झाली की यातलं फार थोडं लागू पडतं.

तर आमच्या रूमने या सेमिस्टरपासून संघ काढला आहे. सभासद चार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कपाटं उघडायची, काय शिल्लक आहे ते बघायचं, मग यादी. कपड्यांची पावडर चौघांत एक, मोठं पाकीट, कारण तिथे भागाकार मोठ्याच्या बाजूने आला. शाम्पू पुडीचाच, आणि मनोरच्या केसांना अर्धी पुडी पुरते म्हणून उरलेली अर्धी चिमट्याने बंद करून ठेवायची. पेस्ट वाटाण्याएवढी. चमचा सपाट. यात कुणाला कंजूसपणा वाटला तर वाटू दे. जळगावने पहिल्या आठवड्यात 'ही काय जेल आहे का' म्हणून सभात्याग केला होता, तो चहाच्या वेळेला परत आला.

परवा मनोर घरी जाऊन आला. पाकिटावरच्या एककाच्या किमतीबद्दल त्याने वडिलांना सांगितलं होतं. काकांनी चष्मा लावून चार-पाच पाकिटं वाचली म्हणे, आणि मग चहाच्या पुड्यांची लड आणि पाव किलोचं पाकीट यांचे ग्रॅमचे भाव खडूने मागच्या फळीवर लिहून ठेवले. गिऱ्हाईक विचारतं का, असं मी विचारलं. मनोर म्हणाला, अजून एकानेच विचारलं, तो पलीकडच्या दुकानाचा मालक होता.

आमची यादी दारामागे चिकटवलेली आहे. कुणालाही येऊन बघता येईल. काल रात्री सांगलीने तिच्यात तळाशी बारीक अक्षरात 'चकली, अर्धा किलो' असं वाढवलेलं आहे, त्यावर रविवारी चर्चा होईल. आणि फिनेलची एक बाटली, सीलबंद, खरेदी किमतीच्या निम्म्यात देणे आहे.